अर्ध्या सुरांचं पुस्तक

१९६७ साली, आमच्या बाइंडिंगच्या दुकानाच्या जिन्यात, एक उंच मुलगा माझ्यावर आदळला आणि माझ्या हातातलं पुस्तक पायऱ्यांवरून उलगडत खाली गेलं. घडीचं पुस्तक होतं ते, सोडलं की लांबच लांब पसरणारं.

"वर व्हायोलिन वाजवता ते तुम्हीच का?" मी रागानेच विचारलं.

"हो. म्हणजे... त्रास होतो का?"

त्रास कसला! महिनाभर मी लाकडी छतातून त्याला ऐकत होते आणि वह्या शिवायच्या सोडून त्याच्या वादनाचं पुस्तक करत होते. शब्द एकही नाही. सूर दाट तिथे गडद निळं पान, विरळ तिथे फिकं, आणि तो थांबे तिथे कोरं पांढरं. हाताने केलेल्या पुस्तकांचं प्रदर्शन आठवड्यावर आलं होतं. बाबा म्हणाले होते, "प्रदर्शनवाल्यांनी घेतलं तर दुकानामागची खोली तुझ्या कामाला. नाही घेतलं तर गुपचूप मामाच्या ऑफिसात टायपिंगला जायचं."

तो पायरीवर बसून एकेक पान बघू लागला. आधी मान डोलली... मग बोट पांढऱ्या पानावर अडलं.

"हे काय?"

"तुमची विश्रांती. फार वेळ थांबता तुम्ही."

"अहो, इथे मी थांबत नाही," तो हळूच म्हणाला. "इथे तर मी सगळ्यात वरच्या सुरांवर असतो. सगळा जीव तिथेच आहे."

छताने खर्ज तेवढा खाली सोडला होता. नाजूक सूर वरच राहिले होते. मी अर्ध्याच संगीताचं पुस्तक केलं होतं — आणि नवा कागद रंगवून, वाळवून, पुन्हा बांधायला आठवडा पुरणार नव्हता.

"वर चला," तो म्हणाला. "दार उघडं ठेवू. तुमच्या आत्याबाईंनाही सोबतीला आणा."

आत्या विणकाम घेऊन आली. "मी काही बघत नाहीये हं," म्हणाली आणि बरोबर समोर बसली.

तो वाजवू लागला. ते सूर इतके बारीक, इतके लखलखीत, की माझा हात आपोआप बाइंडिंगच्या सुईकडे गेला. मी पांढऱ्या पानात भोकं पाडत सुटले. सूर चढला की भोकांची रांग वर, उतरला की खाली. त्याचा गज थबकला.

"थांबू नका ना."

"तुम्ही अशा बघत राहिलात तर... कसं वाजवू?"

"बघत राहा, पण सूर सांभाळा," आत्या म्हणाली. तिचे टाके केव्हाच निसटले होते.

निवडीच्या दिवशी बाबा आणि तो माझ्याबरोबर आले. प्रदर्शनाच्या प्रमुख बाई कडक. कोऱ्या पानाशी आल्या आणि भुवया उंचावल्या. मी ते पान उचलून खिडकीसमोर धरलं. त्यांच्या हातावर, टेबलावर, समोरच्या भिंतीवर उजेडाचे थेंब पसरले. मागून तो तेच सूर गुणगुणू लागला. बाईंचं बोट थेंबांवरून सुरांबरोबर चढत गेलं, उतरलं.

"हे दाराशी ठेवा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनी आधी हे बघायचं."

बाबा खाकरले. "मागच्या खोलीतली रद्दी आजच हलवतो."

परतताना तो म्हणाला, "आता छतातून ऐकू नका. वर येऊन ऐका... रोज."

"रोज म्हणजे?"

"रोज म्हणजे... कायमचं."

"आत्याला विचारावं लागेल."

"विचारलं. त्या म्हणाल्या, जिने चढून माझे गुडघे गेले, लग्न करा एकदाचं."

बाबा शेवटपर्यंत वह्याच शिवत राहिले, पण प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी मागची खोली दाखवायचे. आत्याने आमच्या दोन्ही मुलांना वाढवलं आणि त्यांच्या स्वेटरांचे हात कधीही सारखे होऊ दिले नाहीत. त्या बाईंनी माझी पुस्तकं देशोदेशी नेली. पहिलं आता एका संग्रहालयात, काचेच्या कपाटात आहे. त्याने मोठमोठ्या सभागृहांत वाजवलं. आता हात थरथरतात, व्हायोलिन नातीने नेलंय. मी काम करते तेव्हा तो शेजारी बसून बोटाने पान दाखवतो, "इथे जरा घाई केलीस तू." बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.