खाजगी सवाल

रविवारच्या बंद शाळेत कोण एवढं ओरडतंय म्हणून चांगुणानं खिडकीतून डोकावलं, तर एक उंचापुरा तरुण रिकाम्या बाकांना समतेवर भाषण देत होता! एक हात हवेत, दुसरा टेबलावर आपटतोय, डोळे मिटलेले... तिला हसू आवरेना.

"बाकांना पटलं का?" तिनं विचारलं.

तो दचकला. मग ओशाळून हसला. "बाकं गप हायेत. तुमचं काय?"

"दर वाक्याला टेबल आपटलेलं आमाला न्हाई पटत."

हा बन्सीधर. वालूरच्या बड्या जमीनदाराचा, आबासाहेबांचा मुलगा. औरंगाबादला वकिली शिकत होता आणि अठ्ठ्याहत्तरच्या विधानसभेच्या प्रचाराला ताडकळसला आला होता. ती तिथल्या सिताराम गुरुजींची लेक, त्याच शाळेत नुकतीच शिकवायला लागलेली. गुरुजींचं घर बौद्धवाड्यात. हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं, तरी तो पुढच्या रविवारी आला. त्याच्या पुढच्याही.

माघ असून आभाळात सारखं मळभ. तो भाषण म्हणायचा, ती चुका काढायची.

"इथं जरा थांबा. माणसांकडं बघा."

"माणसं कुठं हायेत? तुमीच तर हाव."

"मग माझ्याकडं बघा..."

त्यानं पाहिलं — आणि पुढचं सगळं विसरला. जीव जडायला वेळ तो कितीसा लागतो! "निवडणूक झाली की गुरुजींकडं येतो, तुमाला मागायला," तो एकदा म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य तपासणाऱ्या चांगुणानं नेमकं हे वाक्य न तपासताच खरं मानलं. वेडी पोर!

प्रचाराच्या शेवटी गुरुजींनी दोन्ही बाजूंचे वक्ते एकाच मंचावर आणले. बन्सीधर असा बोलला की गुरुजींनी चष्मा काढून डोळे पुसले. मग विरोधकांचे माणिकराव उठले. राजकारणात मुरलेला गडी.

"भाषण झकास! पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं नको. एकच सवाल. ह्या वकीलसायबांनी समद्यांसमोर सांगावं — बौद्धवाड्यातली पोरगी हे स्वतः करतील का?"

माणिकरावांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी अंधारात दगड मारला होता. बायकांत बसलेली चांगुणा त्याच्याकडं बघत राहिली. हो म्हणा... एवढंच म्हणा.

पहिल्या रांगेत आबासाहेब बसले होते. बन्सीधर क्षणभर थांबला. त्यानं सगळ्या माणसांकडं पाहिलं, फक्त बायकांच्या बाजूला पाहिलं नाही.

"माणिकराव, तत्त्वाचं तत्त्वानं बोला! कुणाचं लगीन कुणाशी, हा खाजगी सवाल झाला. दुसऱ्याच्या घरात डोकावणं ह्याला राजकारण म्हणत न्हाईत!"

टाळ्यांनी मैदान दणाणलं. आबासाहेबांनी समाधानानं मान डोलावली.

सभा उठली तेव्हा दिवस मावळत होता. शाळेमागं तो तिला गाठायला आला.

"मी खोटं बोललो का?"

"न्हाई. लय चांगलं बोललाव. शेजारची सरजाबाई माझ्याकडं बघायली होती... म्हणून मी बी टाळ्या वाजवल्या."

मग त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि तिच्या कानाशी वाकला. "चांगुणा... लगीन करीन तर तुमच्याशीच. आईची आन."

मैदानात ती याच उत्तराची वाट बघत होती. वाटलं, त्याच्या खांद्यावर डोकं टेकावं आणि सगळं विसरून जावं.

"भोंगा अजून उतरवला न्हाई त्यांनी," ती म्हणाली. "तिथं जाऊन म्हणा."

त्यानं मैदानाकडं पाहिलं. आबासाहेब जीपपाशी उभे होते.

"एवढी निवडणूक होऊ द्या की..." तो पुटपुटला.

चांगुणानं डोळे पुसले आणि ती घराकडं निघाली. त्यानं मागून नुसती नावानं हाक मारली असती, चार माणसांना ऐकू जाईल अशी, तरी ती थांबली असती. बौद्धवाड्याच्या वळणापर्यंत ती मुद्दाम सावकाश चालली.