सात नंबरची घंटा

ही घडलेली गोष्ट आहे. माझा आतेभाऊ थापा मारणाऱ्यांतला नाही... आणि ही सांगताना त्यानं एकदाही मान वर केली नाही.

तो एका वृद्धाश्रमातले कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथे प्रत्येक पलंगापाशी घंटेचं बटण. ते दाबलं की सिस्टीमच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाईलमध्ये, एक ओळ पडायची. त्यानं लिहिलेली छोटीशी स्क्रिप्ट त्या लॉगवर डोळा ठेवून असायची. नवी ओळ दिसली, की सिस्टरच्या आणि त्याच्या फोनवर निरोप.

सात नंबरच्या खोलीतल्या आजी दिवसातून पन्नासदा बटण दाबायच्या. कधी पाणी, कधी नुसतंच "कोण आलंय?"

सिस्टर कधी वैतागल्या नाहीत. हा वैतागला.

रविवारी दुपारी त्याला जरा पडायचं होतं. त्यानं स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली... खोली सात वगळ.

तासाभरानं काढू म्हणाला. विसरला.

संध्याकाळी आजी गेलेल्या सापडल्या. अंगठा बटणावरच होता.

"मला निरोपच आला नाही हो!" सिस्टर रडत होत्या.

मॅनेजरनं त्याच्याकडे पाहिलं. "सिस्टीम चालू होती ना रे?"

"चालू होती," तो म्हणाला.

सिस्टरना काढून टाकलं. त्यानं गुपचूप लॉग उघडला. खोली सातच्या एकतीस ओळी. त्या पुसल्या. स्क्रिप्टमधली ती ओळही काढली.

आठवड्यानं, भर दुपारी, फोन थरथरला.

खोली सात...

तो धावत गेला. खोली रिकामी. गादी गुंडाळलेली. बटण तर इलेक्ट्रिशियननं केव्हाच काढून नेलं होतं. भिंतीतून वायरीची दोन टोकं बाहेर आलेली.

हातातला फोन पुन्हा थरथरला.

खोली सात...

आणि त्यानं काय केलं? पळत खाली येऊन तीच ओळ परत स्क्रिप्टमध्ये घातली.

खोली सात वगळ.

फोन गप्प झाला. पण स्क्रीनवर लॉग उघडाच होता... आणि त्यात एकेक ओळ पडतच होती.

"दुसऱ्यांदा तेच केलं रे मी," तो मला म्हणाला.

तसाच उठून तो सिस्टरच्या घरी गेला. दार त्यांनीच उघडलं. यानं हात जोडले.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मला कळलंय."

"कोणी सांगितलं?"

त्या क्षणभर त्याच्या खांद्यामागे बघत राहिल्या... आणि हळूच दार लावून घेतलं.

मॅनेजरजवळ त्यानं सगळं कबूल केलं. नोकरी गेली. सिस्टरना परत बोलावलं, त्या आल्या नाहीत.

लॉगमधल्या ओळी थांबल्या का, असं मी विचारलं.

"बघितलं नाही," तो म्हणाला. "कुठल्या तोंडानं बघू?"