नवव्याची तक्रार

प्लूटो पडला तो थेट निवेदकाच्या चहात.

चूक तशी दोघांचीही होती. तारांगणाच्या दालनात छताला टांगलेली सूर्यमाला रंगवायला आलेली ती शिडीवर उभी होती. हातात व्यवस्थापकांची चिठ्ठी होती, ‘नववा गोळा काढून टाकणे.’ अंधाऱ्या प्रेक्षागृहातून डोळे चोळत बाहेर आलेला निवेदक नेमका शिडीला धडकला आणि बोराएवढा नववा गोळा तिच्या बोटांतून निसटला.

“माफ करा… तो ग्रह माझा,” ती वरून म्हणाली.

“ग्रह नाही ना आता तो,” तो म्हणाला आणि लगेच कानापर्यंत लाल झाला. पुढे काहीतरी बोलणार होता, पण त-त-प-प करत कप घेऊन निघून गेला. गोळा तेवढा धुऊन, पुसून, शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवून गेला.

तिला आश्चर्य वाटलं. आत अंधारात, माईकवर, याच माणसाचा आवाज तिने ऐकला होता. शनीच्या कड्यांबद्दल असा काही बोलत होता की रडणारी पोरंसुद्धा गप्प व्हावीत. उजेडात मात्र स्वारीच्या तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवशी दारापाशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत, ‘पंखे सुरू करावेत’च्या खाली, निनावी ओळी उमटल्या:

*शेवटच्या बाकावर होतो, कधी न केला दंगा;*
*पटावरुन का नाव खोडले, एवढे तरी सांगा!*

तिला हसू फुटलं. अक्षर कुणाचं ते विचारायची गरजच नव्हती. निवेदक समोरच्या भिंतीवरचा अग्निशामक नळकांड्याचा सूचनाफलक फार मन लावून वाचत होता. तिने ब्रश कानामागे खोचला आणि सूर्याच्या वतीने उत्तर लिहिलं:

*वाट आपली स्वच्छ न करता, ग्रह का कोणी होतो?*
*पसारा तुझा आवर आधी, तुजला सूर्य सांगतो.*

नियमच तसा होता. ग्रह म्हणवून घ्यायचं तर आपल्या वाटेवरचा दगडधोंडा आपणच दूर केलेला असावा लागतो. नवव्याच्या वाटेत सगळा अडगळीचा बाजार.

तिसऱ्या दिवशी खाली लाल पेन्सिलीने शेरा होता, ‘‘होतो’ला ‘सांगतो’? यमक ओढूनताणून आणलंय.’ तो तिकीट खिडकीवरच्या काकूंचा. काकू वही रोज वाचत, आणि चांगलं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

आठवडाभर असं चाललं. वहीत तो बिनधास्त भांडायचा, तीही त्याला सोडायची नाही. समोरासमोर मात्र “रंग… छान आहे” याच्यापुढे त्याचं घोडं जात नव्हतं. आता तिला राग येऊ लागला होता, कारण शनिवारी तिचं काम संपत होतं. सोमवारी तिला दूरच्या गावी एका संग्रहालयात माशांचे सांगाडे रंगवायला जायचं होतं, आणि हे काकूंकडून त्यालाही कळलं होतं. आणि ज्याच्या दोन ओळींसाठी ती सकाळी अर्धा तास आधी येत होती, तो मूग गिळून बसला होता. तिला तो आवडला होता. फार आवडला होता. पण पहिला शब्द त्याने तोंडाने बोलावा, एवढा एकच तिचा हट्ट होता.

शुक्रवारी वहीत आलं:

*वाट तिची अन् माझी छेदे, भेट कधी ना होते;*
*दुरून बघतो, पुढे सरकतो, ओठी येते, जाते.*

नवव्याची वाट आठव्याच्या वाटेला छेदते, तरी दोघांची गाठ कधी पडत नाही; पण इथली ‘ती’ कोण, हे उघड होतं. खाली काकूंचा शेरा होता, ‘मग सरकू नकोस, मूर्खा.’

शनिवारी तिने शेवटचं काम केलं. नववा गोळा सूर्यमालेत परत लावता येत नव्हता, आदेश तो आदेश. पण वहीच्या वर एक रिकामी खुंटी होती. तिथे तिने तो टांगला आणि शेजारी, त्याच्या निम्म्याएवढा, त्याचा चंद्र. खाली लिहिलं:

*म्हणू नका ग्रह त्याला कोणी, एकटा कुठे आहे?*
*समोर त्याच्या चंद्र तयाचा, तोंडाकडेच पाहे.*

बाराच्या खेळाआधी तो आला. वाचलं. पुन्हा वाचलं. ती ब्रश पुसत तिथेच उभी राहिली, आज मदत करायची नाही असं ठरवून.

“प्रेक्षकहो…” त्याने सवयीने सुरुवात केली.

तिने मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. काकूंनी खिडकीची फळी खाली ओढली आणि आतून आवाज दिला, “मी नाहीये. बोल तू.”

“सोमवारी जाऊ नका,” तो म्हणाला. “म्हणजे… जा. काम आहे. पण तिथे पुढच्या रविवारी मी आलो तर… मासे बघायला… नाही. मासे नाही. तुम्हाला बघायला. मला तुम्ही आवडता. हे माईकशिवाय बोलतोय, म्हणून नीट येत नाहीये.”

“येतंय की नीट,” ती म्हणाली. “पसारा आवरला?”

“हा काय… आत्ताच.”

मग दोघं त्या दोन गोळ्यांसारखी नुसती समोरासमोर उभी राहिली. बाहेर रांग खोळंबली होती.

संध्याकाळी वहीत एका गृहस्थांची तक्रार होती, ‘बाराचा खेळ पंधरा मिनिटे उशिरा सुरू झाला. कारण सांगितले नाही.’

खाली लाल पेन्सिलीत लिहिलं होतं, ‘कारण चांगलं होतं.’