‘काहून?’चा आवाज कोणी गिळला?

"तुम्ही गाणी ऐकलीच नाहीत! न ऐकता निकाल दिलात, आणि वर नाव लपवलंत! भित्रे कुठले!"

अवंतिका तावातावाने ओरडत होती, आणि तिच्यासमोर माणूस एकही नव्हता. होता तो मराठी मंडळाच्या आवारातला काचेचा फलक. आत सूचना डकवलेली होती :

‘खटारा या बँडच्या "काहून?" ह्या दुसऱ्या अल्बमविषयी श्रोत्यांची मते अत्यंत प्रतिकूल आहेत. भाषाही अशुद्ध आहे. सबब रविवारच्या संमेलनातील त्यांचा कार्यक्रम रद्द. – आदेशावरून.’

"कोणाच्या आदेशावरून?" रुचिराने काचेला नाक लावून विचारलं.

"तेच तर! खाली सहीच नाही!"

"मतलब भांडायचं किससे, हेच माहीत नाही," अवंतिकाचा मित्र बंटी म्हणाला. बंटीला मराठी समजायची पक्की, पण बोलताना हिंदी मध्ये येऊन बसायची.

खटारा हा अवंतिकाच्या दादाचा, अपूर्वचा बँड. दोन इलेक्ट्रिक गिटारी, एक बेस, एक ड्रम आणि गाडीचे ब्रेक फेल झाल्यासारखे सुटणारे अपूर्वचे शब्द. रॅपही आणि रॉकही! सगळ्या पोरांचे वडील लष्कराचे ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात, म्हणून नाव खटारा. ‘धक्का स्टार्ट’ हा त्यांचा पहिला अल्बम हिंदीत होता, आणि त्यावर अख्खं जबलपूर नाचलं होतं. दुसरा मराठीत. पुस्तकातल्या मराठीत नाही, जबलपूरच्या घराघरांत बोलतात त्या मराठीत!

रुचिरा अवंतिकाची मामेबहीण, सुट्टीसाठी पुण्याहून आलेली. पहिल्याच दिवशी ती खिदळली होती. "काहून? म्हणजे ‘का’ ना? मग त्याला ‘हून’चं शेपूट कशाला?"

पण आज ती हसत नव्हती. कारण सकाळी अपूर्वदादाने गिटार पिशवीत घालून कपाटावर टाकली होती. "इतक्या लोकांनी ऐकून वाईट म्हटलं ना? मग वाईटच असेल. मराठीत यापुढे एक ओळ लिहिणार नाही मी," असं म्हणून तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

"चला," अवंतिका म्हणाली. "श्रोत्यांची मतं म्हणे! श्रोत्यांनाच विचारू. खरं बोलून राहिले की कोणी वदवून घेतलं!"

गेल्या रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये मोठ्यांना बोलावून अल्बम ऐकवला होता. मुलांना बाहेर ठेवलं होतं, खटाराच्या पोरांनाही. मुलं म्हणे गोंधळ करतात! मोठी माणसं गप्प बसून केवढा गोंधळ करतात, ते पुढे कळेलच.

पहिला मोर्चा बडा फुहाऱ्याच्या बाजारात, विठोबाकाकांच्या कापडदुकानात. काका गिऱ्हाइकासमोर चादरी उलगडत होते.

"काका, ‘काहून?’ कसा वाटला?"

"अरे बापरे! नुसता करकराट, बेटा! माझी कात्री गंजली की असाच आवाज करते. आणि तुझा दादा काय विहिरीत उतरून गायला होता?"

"विहिरीत?"

"हो ना! लांबून घुमल्यासारखं काहीतरी. शब्द एक कळला नाही. ड्रमवाला पण सुट्टीवर होता वाटतं."

अवंतिकाचा चेहरा लाल झाला. "काका, ड्रम तर इतका जोरात आहे, की आमच्या घरची भांडी वाजतात!"

"मग भांडी माझ्याकडे पाठवून दे, तीच ऐकतो!" काका हसले.

दुसऱ्या श्रोत्या सुनेत्रामावशी, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या संध्याकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर फिरायला जात. मुलांनी ई-रिक्षा पकडली. मावशी घाटाच्या पायरीवर शेंगदाणे खात बसल्या होत्या.

"खरं सांगू का गं? पहिल्या अल्बमवर मी ह्या गुडघ्यांनिशी नाचले होते. दुसऱ्यात अपूर्व आहेच कुठे? मला वाटलं, पोराचा गळा बसला."

"पण भाषा?" रुचिराने विचारलं. "भाषा अशुद्ध वाटली का तुम्हाला?"

"भाषा? शब्दच ऐकू आले नाहीत, तर भाषा कुठली, बाळ?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मग आवाज गेला कुठे?

परतीच्या ई-रिक्षात रुचिराने आपला मोबाइल काढला. त्याला सशाच्या कानांचं जाडजूड रबरी कव्हर होतं. इअरफोन लावून तिने ‘काहून?’ सुरू केलं, आणि ती किंचाळलीच!

"अवंतिका! तुझा दादा विहिरीत पडला!"

"काय?"

"ऐक तू! नुसत्या गिटारी! शब्द नाहीत, ड्रम नाही!"

बंटीने इअरफोन कानाला लावले, मग मोबाइल उलटा करून बघितला. "अबे, जॅक अर्धाच घुसला आहे! तेरा खरगोश बीच में आ रहा है!" त्याने कव्हर ओढून काढलं आणि जॅक दाबला. टक्! अपूर्वचा आवाज कानात धाडकन येऊन आदळला.

"हे असं काहून होते?" अवंतिकाने विचारलं. बंटी घरातले सगळे रेडिओ खोलून बसायचा, त्याला ठाऊक होतं.

"जॅक अर्धा राहिला, की डावीकडे-उजवीकडे जे सेम टू सेम आहे, ते एकमेकांना खाऊन टाकते. गाणारा बरोबर मधोमध असतो, ड्रम पण. म्हणून तेच गायब! एक गिटार डावीकडे, एक उजवीकडे, म्हणून त्या बचावल्या."

"आणि हॉलमध्ये गाणी कोणाच्या मोबाइलवरून लावली होती?"

"नीलकंठकाका!" तिघंही एकदम ओरडली. रिक्षावाल्याने दचकून ब्रेक दाबला.

नीलकंठकाका म्हणजे मंडळाचा साउंड विभाग. मशीनला दुसऱ्या कोणाचं बोट लागलं तर त्यांचा जीव जायचा. त्यांच्या मोबाइलला चामड्याचं पाकीट होतं, इतकं फुगलेलं, की त्यात मोबाइल आहे हे सांगावं लागे.

"पण त्यांना सांगितलं तर मानतील?" रुचिरा म्हणाली.

"छे! म्हणतील, निर्णय झाला, जा घरी." अवंतिकाचे डोळे चमकले. "त्यांना सांगायचंच नाही. त्यांना ऐकवायचं!"

शनिवारी दुपारी हॉलमध्ये संमेलनाची तालीम होती. विठोबाकाका, सुनेत्रामावशी, सगळी मंडळी जमली होती. अवंतिका साखरेहून गोड आवाजात म्हणाली, "काका, तुम्ही स्टुडिओत जाऊन भावगीत गायलं ना, ते लावा की! रुचिराला पुण्याला जाऊन सांगायचं आहे, की जबलपुरात कसे गातात!"

"अच्छा? असं म्हणते?" काकांची छाती पाकिटासारखी फुगली. त्यांनी वायर ओढली, मोबाइलला लावली, डोळे मिटले.

डावीकडची पेटी वाजली. उजवीकडचा तबला वाजला. आणि काका? दूर कुठेतरी, खोल पाण्यात कोणीतरी कण्हत होतं.

काकांनी डोळे उघडले. "माझा आवाज! माझा आवाज कुठे गेला?"

"विहिरीत!" विठोबाकाका खुर्चीतून उठले. "तीच विहीर, नीलकंठ! अपूर्व पडला होता ती!"

हॉलमध्ये हशा उसळला. अवंतिका हसली नाही. ती पुढे गेली, मोबाइल पाकिटातून बाहेर काढला, जॅक पूर्ण दाबला. टक्! काकांचा आवाज हॉलभर घुमला. तिने तो मध्येच तोडला आणि ‘काहून?’ लावलं.

घरात बोलतो, गल्लीत गिळतो – काहून?
आईची भाषा खिशात लपवतो – काहून?
कोणी हसला, मी गप्प बसलो – काहून?
आता बोलून राहिलो, कान उघड – काहून नाही?

गाणं संपलं. मग सुनेत्रामावशी म्हणाल्या, "हे आपल्या घरात बोलतात तसंच आहे रे," आणि चष्मा पुसायला लागल्या.

"काका, ती सूचना तुम्ही लिहिली?" रुचिराने विचारलं.

"मी नाही गं! मला तर वरून सांगितलं."

"वरून म्हणजे?"

काकांनी छताच्या पंख्याकडे बघितलं. मुलांनीही बघितलं. पंखा फिरत होता.

मंडळींनी सूचना काढून टाकली, दादाने कपाटावरची गिटार उतरवली, आणि रविवारी खटारा वाजला! ड्रमने हॉलच्या खिडक्या थरथरल्या. अपूर्वदादाने ओळ फेकली, की अख्खा हॉल उत्तर द्यायचा, "काहून?" आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज होता पुण्याच्या रुचिराचा, ‘हून’च्या शेपटासकट!

विठोबाकाकांनी जाहीर मत दिलं, "पहिल्यापेक्षा दुसरा भारी! कात्रीचे शब्द मी परत घेतो." सुनेत्रामावशींनी मुलांना मंचावर बोलावलं. "मोठ्यांचे कान ह्या पोरांनी साफ केले! वाजवा टाळ्या!" टाळ्या थांबेनात. अपूर्वदादाने अवंतिकाच्या हातात माईक दिला. "बोल काही."

पहिल्या रांगेतून कोणीतरी प्रेमळपणे म्हणालं, "झालं गेलं नर्मदेला मिळालं, बेटा. धन्यवाद म्हण, आणि लाडू घे."

"लाडू घेईन," अवंतिका म्हणाली. "पण नर्मदेत आधीच खूप काय काय टाकून राहिले तुम्ही. हे नका टाकू. जॅक अर्धा होता, ती चूक झाली. चूक कोणाकडूनही होते. पण ह्या हॉलमध्ये त्या दिवशी एकालाही शब्द ऐकू आला नव्हता. तरी फलकावर लिहिलं, भाषा अशुद्ध आहे. जी ऐकलीच नाही, ती अशुद्ध कशी ठरली? कोणी ठरवली?"

पहिली रांग पायांकडे बघायला लागली. बंटी आणि रुचिराने मंचाच्या कडेला मांडी घातली. अवंतिकाही त्यांच्या मधोमध बसली. माईक तिने सोडला नाही.

"आदेशावरून म्हणजे कोण? उभं राहून नाव सांगा. आणि काहून केलं, तेही सांगा. नाव कळेस्तोवर आम्ही इथंच बसून राहिलो."