ताकदीच्या गोळ्या

दवाखान्यातून फोन आला तेव्हा फौजदार योगिता नुकत्याच चौकीत आल्या होत्या. नवनगरची पंधरा वर्षांची स्मृती बेशुद्ध होती. मनाच्या आजारावर ती लिथियमच्या गोळ्या घेत होती आणि रक्तात ते औषध दुप्पट झालं होतं. जगेल की नाही, डॉक्टर सांगत नव्हते.

"गोळ्या कुणीतरी जास्त दिल्यात," दवाखान्यात वडील भीमराव त्यांना म्हणाले.

त्यांची थोरली बहीण अंबूताई डोळे पुसत म्हणाली, "सावत्र आईच्या हाती सोडलीस रे भीमा पोरीला!"

बोट दाखवायला सावत्र आईइतकं सोयीचं माणूस घरात दुसरं नसतं. योगिता तडक घरी, त्या आईकडे, पद्माकडे गेल्या.

"गोळी कोण देतं?"

"मीच. ताकदीची आहे ना, रोज जेवल्यावर दोन."

"कधी चुकून चार?"

"नाही हो मॅडम."

पाकिटात उरलेल्या गोळ्या बरोबर होत्या. एकही जास्त गेली नव्हती.

"हे लहान पातेलं वेगळं का?"

"स्मृतीचं. अंबूअक्कांनी नवस केलाय. पोरीचं चित्त थाऱ्यावर यावं म्हणून एकवीस दिवस अळणी जेवण. आज एकोणिसावा."

"तब्येत कधी बिघडली?"

"आठवडा झाला, हात थरथरतात. मला वाटलं, अशक्तपणा."

योगितांनी डॉक्टरांना फोन करून दोनच प्रश्न विचारले. मग पद्माला घेऊन त्या दवाखान्यात आल्या.

"गोळ्या तेवढ्याच होत्या, मीठ बंद झालं," त्या म्हणाल्या. "मीठ तोडलं की हे औषध अंगातून बाहेर पडत नाही, साठत जातं."

अंबूताई पुढे झाली. "म्हणजे मीच..."

"तुम्हाला ती ताकदीची गोळी वाटत होती. तसं सांगितलं कुणी? मीठ तोडू नका, हे डॉक्टरांनी एकाच माणसाला दोनदा बजावलं होतं. भीमराव, नवस तुम्हाला ठाऊक होता?"

भीमराव सांगू लागले.

"रोज तिचं ताट बघत होतो. अडवलं असतं तर आजार सांगावा लागला असता. बाहेर कळलं तर तिचं लग्न कसं व्हायचं? म्हटलं, दोन दिवस तर राहिलेत."

"आणि मी माझ्या हातानं वाढत राहिले," पद्माला रडू फुटलं. "तिनं तरी सांगायचं मला!"

"सांगणार होती," भीमराव म्हणाले. "परवा हात थरथरताना म्हणाली, अप्पा, आईला सांगू का? मी माझी शपथ घातली."

इतक्यात नर्स बाहेर आली. म्हणाली, पोरीला शुद्ध आली, धोका टळला, अप्पांना बोलावतेय.

भीमरावांना उठवेना.