भरल्या घराचा रक्षक

चाकणजवळच्या त्या प्रयोगशाळेत विजेवर चालणारी कुठलीही नवी वस्तू आली, की आधी तिचे हाल केले जात. इस्त्री उंचावरून आपटायची, मिक्सर पाण्याच्या फवाऱ्याखाली धरायचा, गिझर कोरडाच तापवायचा. एवढं सोसूनही जी वस्तू शॉक देत नसे, पेट घेत नसे, तिलाच दुकानात जायची परवानगी. प्रयोगशाळेच्या प्रमुख वृषालीबाई कुंभोजकर म्हणायच्या, "सासुरवास इथंच उरकून घेऊ. घरी गेल्यावर पोरगी सुखानं नांदली पाहिजे."

त्या दिवशी मात्र टेबलावर आलेली वस्तू नवी नव्हती. ती एका घरात नांदून, एक माणूस दगावल्यावर, पोलिसांच्या पाकिटातून परत आली होती.

तो होता स्वयंशिक्षित गळतीरक्षक. नाव भारदस्त, वस्तू काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. मीटरच्या पेटीत बसून तो एकच काम करायचा. घरात गेलेली वीज आणि घरातून परत आलेली वीज यांत फरक पडला, तर वाटेत कुठंतरी गळती आहे, कदाचित कुणाच्या अंगातून वीज जमिनीत चालली आहे, असं समजून तो हृदयाचा ठोका चुकायच्या आत पुरवठा तोडायचा. लोक त्याला नुसतं 'बटण' म्हणत. बटण पडलं, बटण लावलं, संपला विषय.

हा रक्षक नऊ माणसांच्या एका घरातला. त्या घरातली धाकटी सून वॉशिंग मशीनमधले कपडे काढताना शॉक लागून गेली होती.

"बाई, चोख आहे हो हा," चाचणी घेणारे लोंढे म्हणाले. "जितक्या वेळा गळती दिली, तितक्या वेळा डोळ्याचं पातं लवायच्या आत पडला."

"मग पोरगी गेली कशी?"

"ते मला काय ठाऊक? दिराचा जबाब आहे की बटण पडलं होतं, त्यानंच वर केलं. म्हणजे रक्षकानं काम तर केलंच ना?"

वृषालीबाईंना हे पटेना. काम केलेला रक्षक आणि मेलेलं माणूस एका घरात असायचं काही कारण नव्हतं. या रक्षकाला बाजारात जायची परवानगी देणाऱ्या कागदावर त्यांचीच सही होती, आणि आता तो लाखो घरांत बसला होता. त्यांनी रक्षक बनवणाऱ्या कंपनीच्या याकूब मोमीनला बोलावून घेतलं होतं. याकूब एकेकाळी याच प्रयोगशाळेत शिकाऊ होता. आता त्या रक्षकाचा 'मेंदू' म्हणायचा तो त्याचाच.

तो यायच्या आधी आईचा फोन आला.

"काय गं, आणून टाकलंस मला इथं कऱ्हाडला. फलटणला माझं बरं चाललं होतं."

"काय बरं चाललं होतं? दिवसाआड स्टुलावर चढत होतीस बटण लावायला. ऐंशीला टेकलीस आई! पडली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"अगं, त्या बटणालाच खोड. मिक्सर लावला की पड, गिझर लावला की पड. नुसतं लाजाळूचं झाड. इथलं कसं शहाण्यासारखं असतं बघ. पण श्रीरंगाच्या घरी आठ माणसं, न्हाणीघर मोकळं मिळेल तर शपथ."

"मिळेल गं. भरल्या घरात आहेस, तर मी निवांत आहे. एकटी होतीस तेव्हा माझा जीव टांगणीला लागायचा."

"तुझा जीव निवांत, मग माझी अंघोळ बारा वाजता झाली तरी चालेल," असं म्हणत आईनं फोन ठेवला. वृषालीबाईंना हसू आलं. आईला एकटीला ठेवायचं नाही, यासाठी त्या वर्षभर भांडल्या होत्या. धाकट्या भावाकडे तिला नेऊन सोडल्यापासून छातीवरचा दगड उतरला होता.

याकूब आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. हातातली पिशवी त्यानं टेबलावर ठेवली, पण सोडली नाही.

"सांग," वृषालीबाई म्हणाल्या. "माझ्यापुढे कंपनीची जाहिरात नको. तुझा रक्षक शिकतो म्हणजे काय करतो?"

"मॅडम, जुना रक्षक भित्रा होता. आपल्याकडची घरं तुम्ही जाणता. भिंतींना ओल, वायरी जुनाट, दहा उपकरणं आणि प्रत्येकातून थेंब थेंब गळती. सगळी मिळून बटण पडायचं. लोक वैतागून वायरमनला बोलवायचे, आणि तो म्हणायचा, 'डायरेक्ट करून टाकतो.' झालं! रक्षकच काढून टाकला. माणसं मरायची ती त्यानं. म्हणून आम्ही रक्षकाला खरा धोका आणि फुकटची भीती यांतला फरक शिकायला लावलं."

"शिकवतं कोण?"

"घरातलीच माणसं. तो पडल्यावर कुणी लगेच वर केला आणि गळती पुन्हा दिसली नाही, तर तो समजतो, आपण विनाकारण पडलो. पुढच्या वेळी पडण्याआधी किंचित जास्त थांबतो, खात्री करून घेतो. याउलट, वर केल्यावरही गळती तशीच असली, किंवा त्याला कुणी बराच काळ हातच लावला नाही, तर धोका खरा होता. मग तो थांबणं कमी करतो. आणि एका घरात मिळालेला धडा तशाच प्रकारच्या सगळ्या घरांतल्या रक्षकांना पोचतो."

"प्रकार कसे ओळखतो?"

"वीज किती, कधी, कशी वापरली जाते त्यावरून. गिझर सकाळी किती वेळा लागतो, एवढं पाहिलं तरी घरात माणसं किती ते कळतं."

वृषालीबाई टेबलावरच्या रक्षकाकडे पाहत होत्या. मग एकदम वळल्या. "लोंढे, चाचणीच्या आधी याचं काय केलंत?"

"नियमाप्रमाणे मूळ स्थितीत आणला. नमुना कारखान्यातून आल्यासारखा असला पाहिजे, असं मानकातच आहे ना?"

"म्हणजे घरात जे शिकला ते सगळं पुसलं!"

लोंढ्यांची बिचाऱ्यांची काही चूक नव्हती. त्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं प्रत्येक नमुना असाच स्वच्छ धुऊन-पुसून तपासला जायचा. खुनाच्या जागेची आधी झाडलोट करायची आणि मग ठसे शोधत बसायचं, त्यातली गत.

"म्हणूनच हे आणलेत," असं म्हणत याकूबनं पिशवीतून दोन रक्षक काढले. "यांची आठवण शाबूत आहे. एक आमच्या शेजारी एकटेच राहणारे निवृत्त मास्तर आहेत, त्यांच्याकडचा. दुसरा माझ्याच घरचा. आम्ही सात जण आहोत."

मास्तरांचा रक्षक लोंढ्यांनी जोडला. गळती दिली. ताबडतोब 'टक्'.

मग याकूबच्या घरचा जोडला. गळती तेवढीच दिली. माणसाच्या अंगातून जाईल तेवढी.

काही झालं नाही.

लोंढ्यांनी वायरी पाहिल्या. वायरी ठीक होत्या, पडद्यावर गळती दिसत होती. वृषालीबाईंना वाटलं, आता तरी पडेल, आता तरी. एका माणसाचं हृदय बंद पाडायला पुरेसा वेळ गेला, आणि मग कुठं 'टक्' असा आवाज आला.

"या अल्ला," याकूब पुटपुटला. "माझी लहानगी याच घरात नळाशी खेळते."

"खाली बस," वृषालीबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः त्याला पाणी दिलं. "आता मला नीट उत्तर दे. एका माणसाला शॉक बसला. रक्षक वेळेवर पडला. माणूस वाचला. पुढं काय होतं?"

"तो उठतो. घाबरलेला असतो. थोड्या वेळानं बटण लावतो."

"आणि गळती?"

"गळती... नसते." याकूबचा आवाज खाली गेला. "गळती त्याच्या अंगातूनच होत होती. त्याचा हात सुटला की संपली."

"म्हणजे तुझ्या हिशेबात ते विनाकारण पडणं झालं. अरे, त्यानं जीव वाचवला आणि तुम्ही त्याचा कान पिळलात! प्रत्येक वेळी! वाचलेलं माणूस आणि फुकटची भीती, दोन्ही त्याला एकसारखीच दिसतात. मग तो शहाणा व्हायचा कसा?"

"पण मास्तरांचा रक्षक तर ताबडतोब पडला ना बाई?" लोंढे म्हणाले.

"पडणारच. एकटं माणूस शॉक लागून गेलं, तर बटण वर करायला घरात आहे कोण? पडलेलं बटण तसंच राहतं, आणि रक्षकाला कळतं, धोका खरा होता. एकटी माणसं मेली, म्हणून एकट्यांच्या घरातले रक्षक शहाणे झाले. ती मेलेली माणसंच त्यांचे शिक्षक."

"आणि भरल्या घरात?"

हे विचारल्यावर लोंढ्यांना स्वतःलाच उत्तर सापडलं. "दीर," ते म्हणाले. "दिरानं बटण लावलं."

"लावणारच! कुणाचा टीव्ही बंद पडतो, कुणाचा पंखा. आधी जो तो बटणाकडे धावतो. आत कोण पडलंय, हे मागाहून कळतं. तोवर रक्षकानं धडा घेऊन टाकलेला असतो की काही झालं नाही, घर आनंदात आहे. त्याच्या लेखी भरल्या घरात आजवर कुणी मेलेलंच नाही, याकूब. म्हणून तिथं तो थांबत, थांबत..."

बोलता बोलता वृषालीबाई थांबल्या.

"सगळे रक्षक मूळ स्थितीत आण," त्या म्हणाल्या. "इथून. आत्ताच्या आत्ता हुकूम सोड."

"नाही सोडता येत मॅडम. कुणी भामट्यानं दूर बसून घराघरांतलं रक्षण ढिलं करू नये म्हणून बाहेरचा हुकूम रक्षकानं मानायचाच नाही, असं कलम आहे. मानकं ठरवणाऱ्या तुमच्याच समितीचं. तो फक्त दुसऱ्या रक्षकांचे धडे ऐकतो. नाहीतर घरोघर जाऊन हातानं..."

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी फोन उचलला होता. आईला आपण कुठून काढलं आणि कुठं नेऊन ठेवलं, याचा लख्ख उजेड डोक्यात पडला होता. आगीतून काढून फुफाट्यात टाकतात, इथं तर आगही नव्हती. घराघरांत एकट्या माणसांनी जीव देऊन राखलेल्या जागेतून त्यांनी आपल्या आईला हट्टानं उठवलं होतं.

आईचा फोन नुसता वाजत राहिला. मग त्यांनी भावजयीला लावला.

"बोला ताई!" मंजिरीचा आवाज मिक्सरच्या घरघरीतून आला. "आई ना? अंघोळीला गेल्यात. आत्ता कुठं मोकळं झालं न्हाणीघर. त्यांच्यासाठीच चटणी वाटतेय, शेंगदाण्याची."

"गिझर चालू आहे का?"

"चालूच असतो की. का हो?"

"मंजिरी, आधी सगळ्या घराचा मेन स्विच बंद कर. धावत जा. आणि आईला सांग, नळाला हात..."

मिक्सरची घरघर थांबली.

"अय्या, गेली वाटतं लाईट," मंजिरी म्हणाली. "नाही हो, समोरच्यांकडे आहे. आपलंच बटण पडलंय. नवलच म्हणायचं, हे कधी पडत नाही. एक मिनिट हं ताई."

"लावू नकोस! मंजिरी, आधी आईकडे जा! मंजिरी!"

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली. वृषालीबाई जिवाच्या आकांतानं ओरडत होत्या, आणि कऱ्हाडच्या त्या स्वयंपाकघरात ते ऐकायला कुणी नव्हतं. याकूब उठून त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. मग फोनमधून मिक्सर पुन्हा घरघरू लागला. मंजिरीनं तो बंद केलाच नव्हता, वीज आली तसा तो आपोआप सुरू झाला.

"लागली बघा," मंजिरी परत येऊन म्हणाली. "हं, काय म्हणत होतात?"

"मिक्सर बंद कर. आईला हाक मार."

मिक्सर थांबला. तिनं हाक मारली. "आई! अहो आई, ताईंचा फोन आहे." आतून बादली भरून वाहत असल्याचा आवाज येत होता. तिनं दारावर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारू लागली. मग तिनं किंचाळून श्रीरंगला हाक मारली आणि घरातली सगळी माणसं धावत आली.

"दार तोडा!" वृषालीबाई ओरडत राहिल्या. "आधी मेन बंद करा, मग दार तोडा! छातीवर दाब द्या तिच्या, थांबू नका!"

त्यांनी मेन बंद केला, दार तोडलं, छातीवर दाब दिला. भरलं घर होतं, कशाला हात कमी पडले नाहीत. पण आई गेली होती.

मेन बंद होण्याआधीच मीटरच्या पेटीतल्या रक्षकानं आपला निष्कर्ष पाठवून दिला होता. पडल्याबरोबर कुणीतरी वर केलं, गळती पुन्हा दिसली नाही, मिक्सर पूर्वीसारखा चालू झाला. आठ-आठ, दहा-दहा माणसांच्या सगळ्या घरांतल्या रक्षकांनी तो धडा घेतला, आणि पुढच्या वेळी पडण्याआधी आणखी थोडं थांबायचं ठरवलं.