स्कारविकचा फळा

१९६२ साल. त्या नोव्हेंबरात स्कारविकच्या समुद्रात जॉब डेंट आणि त्याचा जावई बुडाले. नाताळ यायच्या आत साऱ्या गावाने ठरवून टाकलं, की त्यांना मेग थर्लवेलने मारलं.

मेग सदुसष्ट वर्षांची. न्यूकॅसलला आयडा रटरच्या कचेरीत ती शिरली, तेव्हा ओली छत्रीसुद्धा तिने मिटली नव्हती.

"चोर पकडता ना तुम्ही?"

"पकडते. बसा," आयडा म्हणाली.

"बसायला नाही आले. माझा एक शब्द चोरलाय कुणीतरी. तो शोधून द्या."

कोपऱ्यात चहा ओतणारा विल्फ हसला. हा आयडाचा धाकटा भाऊ. ट्राम चालवून निवृत्त झालेला. आता बहिणीची गाडी चालवायचा. मेगने त्याच्याकडे असं पाहिलं, की चहा बशीत गेला.

हकीगत अशी. रोज सकाळी पावणेसातला स्कारविकच्या घरोघरी गळांना आमिष लावायची घाई. रेडिओवरचं समुद्राचं हवामान मेग एकटी ऐकायची आणि सातला लाइफबोटीच्या शेडबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायची. कोळी ते वाचून होड्या काढायचे. त्या दिवशी तिने लिहिलं, 'टाइन. उत्तरेचं वादळ तोंडावर.' टाइन म्हणजे त्यांच्या वाट्याचा समुद्र. साडेसातला कोळ्यांनी वाचलं, 'वादळ लवकरच.' जॉब गेला. अकराला वादळ फुटलं. त्याच दुपारी लाटांनी फळा धुऊन नेला.

"तोंडावर काय नि लवकरच काय, एकच की," विल्फ म्हणाला.

"तुम्ही आपली ट्राम चालवा!" मेग कडाडली. "रेडिओवर ते शब्द नसतात, मापं असतात. तोंडावर म्हणजे सहा तासांच्या आत. लवकरच म्हणजे सहा ते बारा तास. नंतर म्हणजे बाराच्या पुढे. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"रेडिओ काय म्हणाला होता?" आयडाने विचारलं.

"तोंडावर. हवामान कचेरीनेही तेच कळवलंय. पण गाव म्हणतं, म्हातारीने चुकीचं ऐकलं, चुकीचं लिहिलं. म्हणू देत. पण लाइफबोट समुद्रात ओढायच्या दोराला मला हात लावू देत नाहीत. एक्केचाळीस वर्षं ओढलाय तो दोर मी. माझ्या नवऱ्याला शोधायला बोट गेली, तेव्हाही ओढला. परवा भोंगा वाजला, मी धावले, तर जॉबच्या बायकोने माझी बोटं सोडवली. एकेक करून."

आयडा उठली. "विल्फ, गाडी काढ."

* * *

लाइफबोटीचा तांडेल कथबर्ट ऑर्ड शेडमध्ये दोराला तेल लावत होता.

"त्या सकाळी मेगनंतर फळ्यापाशी कोण गेलं?" आयडाने विचारलं.

"मासळीवाला हार्ल. कोण निघतंय ते बघायला तो रोजच येतो. आणि लाँगस्टाफ मास्तर, कुत्रं घेऊन. ते आमचे सचिव. शेडची किल्ली त्यांच्याकडेच."

"अक्षर मेगचंच होतं?"

"अर्धवट उजाडलेलं होतं, बाई. वाचलं नि निघालो. एरवी थांबून जरा हसतो आम्ही. मावशी 'उत्तरे'तला एक त खाते, 'वादळा'चं 'वादाळ' करते. त्या दिवशी हसायला काहीच नव्हतं." त्याने दोर हातातून खाली टाकला. "नंतर तर नव्हतंच."

हार्ल बर्फ फोडत होता. तो थांबला नाही.

"मी बदललं म्हणायचंय ना? म्हणा. मला मासळी हवी होती, तेही खरं. पण 'लवकरच' वाचून मीच जॉबला बजावलं, बाराच्या आत परत ये, तेवढेच तास आहेत हातात. तर म्हणतो कसा, 'हो रे बोकडा, माझी आई शोभतोस!'" हार्लने बर्फावर असा घाव घातला, की तुकडे विल्फच्या बुटांवर आले. "आता निघा."

बाहेर येताच विल्फ कुजबुजला, "हाच तो."

"का? बर्फ फोडतो म्हणून?"

लाँगस्टाफ मास्तरांनी मात्र खुर्च्या पुसून दिल्या. आठ वर्षांपूर्वी ते समुद्रापासून दूरच्या मिडलंड्समधून इथे शाळेवर आले होते.

"बिचारी मेग! मी सगळ्यांना सांगतो, वय झालंय, क्षमा करा. पण खरं सांगू? दोष त्या दोघांचाच. फळ्यावर स्वच्छ लिहिलेलं, वादळ लवकरच येणार. लवकरच! आणि हे निघाले समुद्रावर. एवढी सोपी भाषा कळत नसेल, तर कुणी काय करायचं?"

आयडाने वही मिटली. "खरंय मास्तर. रविवारी प्रार्थनेनंतर शेडमध्ये याल?"

* * *

रविवारी दोर ओढणाऱ्या बावीस बायका शेडमध्ये होत्या. कथबर्ट आणि मास्तरही. पुढे जॉबची बायको फीबी, काळ्या कपड्यांत. मेग दाराबाहेर उभी. तिला कुणी आत ये म्हटलं नव्हतं.

"चटकन सांगा," फीबी म्हणाली. "तुम्ही शब्द शोधताय. माझी दोन माणसं अजून सापडायची आहेत."

"चटकनच सांगते," आयडा म्हणाली. "कथबर्ट, त्या दिवशी फळ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे 'उत्तरे'तला त जागेवर होता. 'वादळ' सरळ होतं. इतक्या वर्षांत मेगने शुद्ध लिहिलं नाही, ते त्याच सकाळी कसं लिहिलं? नाही लिहिलं. फळा पुसून कुणीतरी पुन्हा लिहिला."

"हार्लने," मागून कुणी म्हणालं.

"हार्लला लबाडी करायची असती, तर त्याने एक शब्द बदलला असता आणि मेगच्या चुका तशाच ठेवल्या असत्या. लबाडी करणारा चुका जपतो. चुका पुसतो तो सुधारणारा. शिवाय मासळीसाठी होड्या काढायच्या, तर 'नंतर' लिहायचं. हार्लला तीनही मापं पाठ आहेत. 'लवकरच' वाचताच त्याने तास मोजले." ती वळली. "'लवकरच' म्हणजे आत्ताच, असं समजणारे मला आत्तापर्यंत दोघेच भेटले. एक माझा भाऊ. तो त्या सकाळी न्यूकॅसलला झोपला होता."

विल्फचे कान तापले.

"दुसरे मास्तर. 'लवकरच' वाचूनही माणसं गेली, याचं त्यांना नवल वाटतं. स्कारविकमध्ये असं नवल वाटणारा माणूस एकच आहे. मास्तर, मेगने 'तोंडावर' कसं लिहिलं होतं?"

लाँगस्टाफचा चेहरा खडूसारखा झाला. "ते... ते वाचवत नव्हतं हो. गावाचा फळा, लाइफबोटीचं नाव! मी नीट लिहिलं. लोकांना कळावं म्हणून सोपा शब्द घातला. अर्थ तोच..."

"अर्थ तोच?" फीबी पुढे आली. "दुपारी मेग वाळूत उभी राहून ओरडत होती, मी तोंडावर लिहिलं, तोंडावर लिहिलं. तुम्ही तिथेच होता. तेव्हा कळलं ना तुम्हाला?"

"कळलं. पण तोवर... माझ्या बोलण्याने कोण परत येणार होतं?"

"नुसती चूक असती, तर मी पोटात घातली असती," फीबी म्हणाली. "सात आठवडे! सात आठवडे मी त्या म्हातारीच्या तोंडावर थुंकले, आणि तुम्ही मला क्षमेचे पाठ दिले? निघा. माझ्या हातून काही व्हायच्या आत निघा!"

कथबर्टने त्यांच्या हातून शेडची किल्ली काढून घेतली. बायकांनी वाट दिली, पण इतकी अरुंद, की मास्तरांना एकेकीला घासत बाहेर जावं लागलं.

फीबी दाराशी गेली. "मेगमावशी..."

"बाजूला हो," मेग म्हणाली. "दोर कुठाय?"

* * *

लाँगस्टाफ मास्तर ईस्टरच्या आत लेस्टरला गेले. तिथे समुद्र नाही. हार्लने धंदा विकला. त्याच्यावर संशय घेतल्याबद्दल गावाने माफी कधी मागितली नाही आणि त्यानेही वाट पाहिली नाही. जॉब मार्चमध्ये किनाऱ्याला लागला. जावई नाहीच सापडला. कथबर्ट आणखी अकरा वर्षं तांडेल होता. विल्फने त्यानंतर रेडिओवरचं हवामान एकही दिवस चुकवलं नाही, आणि आयडाने त्याची टिंगल करणं काही सोडलं नाही.

फीबी रोज सकाळी मेगच्या उंबऱ्यावर पाव ठेवायची. मेग तो समुद्रपक्ष्यांना घालायची. सहा वर्षं दोघी एकाच दोराला होत्या, पण मेग तिच्याशी बोलली नाही. गावातही कुणाशी कामापलीकडे नाही.

मेग १९६८ साली गेली. सगळं स्कारविक देवळात जमलं, उभं राहायला जागा नव्हती. प्रत्येकाला तिच्याविषयी दोन शब्द बोलायचे होते. पाद्र्याने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. मेग त्याला बजावून गेली होती: "माझ्याबद्दल चांगलं बोलायची यांच्यातल्या एकालाही परवानगी देऊ नका."